‘टेन्शन सोडा, दिवस राहतील’ म्हणणाऱ्यांना

मूल होत नसलेल्या जोडप्यांसाठी एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द बदलतात, आशय तोच. तो साधारण असा: टेन्शन हेच वंध्यत्वाचं खरं कारण आहे, मन शांत ठेवा, मूल आपोआप होईल. ओळखीतल्या एकीने सगळे उपचार सोडले, मूल दत्तक घेतलं आणि लगेच तिला दिवस राहिले. काउन्सेलिंग हे दवाखान्यांनी काढलेलं नवं खूळ आहे. नवरा-बायकोचं प्रेम असेल तर तिसऱ्या माणसाची गरजच काय? आणि एकदा मूल हातात आलं की मागचं सगळं विसरायला होतं. खाली हात जोडलेलं चिन्ह आणि ‘गरजूंपर्यंत पोहोचवा’.

पाठवणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, हे मान्य. पण एवढ्याशा मजकुरात पाच दावे आहेत आणि प्रत्येक दाव्यात दोष हळूच उपचार घेणाऱ्यांकडे, त्यातही बाईकडे, सरकवलेला आहे. म्हणून एकेक घेऊ.

‘टेन्शन हेच खरं कारण’

बंद झालेली गर्भनलिका मन शांत केल्याने उघडत नाही. शुक्राणूंची संख्या किंवा हालचाल कमी असेल तर बायकोने ध्यान केल्याने ती वाढत नाही. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), पीसीओएस या अंडाशयाच्या विकारात अंडं वेळेवर न फुटणं, वयाबरोबर अंड्यांची संख्या आणि प्रत उतरणं, ही सगळी शरीरातली कारणं आहेत आणि त्यांपैकी बहुतेक तपासण्यांत दिसतात. काही जोडप्यांत सगळे रिपोर्ट ठीक येतात आणि कारण सापडत नाही. पण कारण सापडलं नाही म्हणजे ते मनातच असणार, ही उडी कोणत्या शास्त्रात बसते?

हा प्रश्न नुसत्या तर्काने सोडवायची गरज नाही, मोजमाप झालेलं आहे. कार्डिफ विद्यापीठाच्या जॅकी बोइव्हिन आणि सहकाऱ्यांनी १४ अभ्यास एकत्र करून तपासले. २०११ साली ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं. एकूण ३,५८३ स्त्रिया. आयव्हीएफसारख्या (अंडं आणि शुक्राणू शरीराबाहेर एकत्र करण्याच्या) उपचाराची सायकल, म्हणजे एक पूर्ण फेरी, सुरू होण्याआधीच त्यांची चिंता, उदासी, ताण मोजून ठेवलेला होता. सायकल झाल्यावर ज्यांना दिवस राहिले आणि ज्यांना राहिले नाहीत, त्यांच्या आधीच्या ताणात म्हणावा असा फरक निघाला नाही. घाबरलेलीलाही दिवस राहिले, निवांत असलेलीचीही पाळी आली.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर आपणही त्या मजकुराच्याच रांगेत जाऊन बसू. अमेरिकेत घरच्या घरी मुलासाठी प्रयत्न करणाऱ्या जोडप्यांचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात लाळेतल्या अल्फा-अमायलेज या ताणाशी संबंधित घटकाचं प्रमाण सर्वात जास्त असलेल्या स्त्रियांची दर महिन्याची दिवस राहण्याची शक्यता २९ टक्क्यांनी कमी दिसली. त्याच अभ्यासात कॉर्टिसॉल या ताणाच्या प्रसिद्ध हार्मोनशी मात्र संबंध दिसला नाही. म्हणजे चित्र संमिश्र आहे. शिवाय हा संबंध आहे, कारण नव्हे. आणि ‘टेन्शन सोडा’ असं सांगितल्याने ते प्रमाण उतरतं, हे तर त्यातून मुळीच निघत नाही. कमी खाणं, अति व्यायाम आणि मोठा मानसिक ताण यांनी काहींची पाळीच थांबते, हेही खरं. पण पाळी थांबल्याचं लपत नाही, आणि त्यावर रीतसर उपचार आहेत, फॉरवर्ड नाहीत.

या वाक्याने होणारं नुकसान मात्र रोज दिसतं. सोनोग्राफीत अपेक्षेपेक्षा कमी फॉलिकल, म्हणजे अंड्यांच्या पिशव्या, दिसल्या की उपचार घेणारी बाई मनात हिशेब मांडते: परवा मी रडले होते. निकाल नकारार्थी आला की ट्रान्सफरनंतरचा, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडल्यानंतरचा, प्रत्येक दिवस उलटा तपासला जातो. मंगळवारी ऑफिसात आवाज चढला होता, शुक्रवारी झोप लागली नव्हती, सासूबाईंच्या फोननंतर डोकं ठणकत होतं. मुळात एक दुःख होतं, त्याला अपराधीपणाची जोड मिळाली. त्यात टेन्शन आल्याचंही टेन्शन. समुपदेशकाचा पहिला तास बऱ्याचदा एवढ्याच कामात जातो: ती रडली म्हणून गर्भ रुजला नाही, असं नाही, हे तिला पटेपर्यंत सांगण्यात.

‘दत्तक घेतलं आणि लगेच दिवस राहिले’

अशी उदाहरणं असतात, खोटी नसतात. पण ती आपल्यापर्यंत का पोहोचतात ते बघा. दत्तक घेतल्यावर दिवस राहिले तर ती बातमी होते. दत्तक घेतलं आणि नंतर काहीच झालं नाही, याची बातमी कोण करणार? आणि दत्तक न घेताच, उपचार थांबवल्यावर दिवस राहिलेल्या जोडप्यांना या गोष्टीत जागाच नसते. अशी जोडपी असतात. विशेषतः कारण न सापडलेल्या वंध्यत्वात दर महिन्याची शक्यता कमी असते, शून्य नसते. वर्षं गेली की काहींच्या बाबतीत ती फळते. १९७०च्या दशकात संशोधकांनी दत्तक घेतलेली आणि न घेतलेली जोडपी अशी तुलना करून पाहिली. नंतर दिवस राहण्याच्या प्रमाणात फरक निघाला नाही.

मला यातला आकड्यांचा भाग दुय्यम वाटतो. दत्तक येणारं मूल हे कुणाच्या गर्भाशयाचं औषध नाही. ‘दत्तक घ्या म्हणजे स्वतःचं होईल’ या वाक्यात त्या मुलाला पायरी केलेलं आहे, आणि ‘स्वतःचं’ या शब्दात ते परकं ठरवून टाकलेलं आहे. दत्तक घेण्याचा निर्णय ज्यांना घ्यायचा आहे, त्यांनी जरूर घ्यावा. पण न झालेल्या बाळाचं दुःख बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी अर्ज भरण्याइतकं ते सोपं नसतं. त्यासाठीही बोलावं लागतं, आणि ते बोलणं वेगळं असतं.

‘काउन्सेलिंग हे नवं खूळ’

जगातलं पहिलं आयव्हीएफ बाळ, लुईझ ब्राउन, २५ जुलै १९७८ला जन्मलं. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९८४मध्ये, ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीने या उपचारांवर जो अहवाल दिला त्यात समुपदेशनाची सोय असावी अशी शिफारस आहे. १९९०च्या तिथल्या कायद्याने ती संधी देणं केंद्रांवर बंधनकारक केलं. भारताच्या २०२१च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यातही उपचाराचे परिणाम आणि यशाची शक्यता याबद्दल व्यावसायिक समुपदेशन देणं हे केंद्राचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे एश्रेने, २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या तर केवळ या विषयावर आहेत. खूळ असेल तर चार दशकं टिकलेलं खूळ आहे.

‘आम्ही काय वेडे आहोत का?’ हा याच दाव्याचा सख्खा भाऊ. १९९३मध्ये अ‍ॅलिस डोमार आणि सहकाऱ्यांनी वंध्यत्वाच्या उपचारांत असलेल्या स्त्रियांची इतर रुग्णांशी तुलना केली. चिंता आणि नैराश्याचे त्यांचे गुण कॅन्सरच्या आणि हृदयविकारातून सावरणाऱ्या रुग्णांच्या जवळपास होते. कॅन्सरच्या पेशंटला कुणी ‘मन रमव, बरी होशील’ एवढंच सांगून उठत नाही. इथे मात्र तेवढंच सांगितलं जातं.

मग समुपदेशकाच्या खोलीत होतं तरी काय? बाहेरून वाटतं की रुमालाचा डबा पुढे करून ‘सकारात्मक विचार करा’ म्हणत असतील. चांगला समुपदेशक ते फारसं म्हणत नाही. तो फार बारीक, व्यवहारातल्या गोष्टी विचारतो.

ट्रान्सफर ते रक्ततपासणी हा काळ घ्या. साधारण दहा ते चौदा दिवस. एश्रेच्या सूचनांतही ताणाचे जे कळस सांगितले आहेत ते म्हणजे अंडी काढण्याचा दिवस, ट्रान्सफर आणि ही वाट बघणं. या दिवसांत गर्भ टिकावा म्हणून दिलेलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन चालू असतं. त्याने छाती जड होते, पोट फुगतं, झोप येते, चिडचिड होते. म्हणजे दिवस राहिल्यावर जे होतं तेच, दिवस राहिलेले नसतानाही. पाळी येण्याआधीही तेच होतं. शरीराकडे लक्ष देऊन काहीच कळत नाही, आणि लक्ष न देणं जमत नाही. मग कुणीतरी सांगतं, घरी गर्भचाचणीच्या पट्टीवर बघ. ताज्या (गर्भ न गोठवता सोडायच्या) सायकलमध्ये अंडी काढण्याआधी एचसीजीचं, म्हणजे ही पट्टी जे हार्मोन शोधते त्याचंच, इंजेक्शन घेतलेलं असेल तर त्याचा अंश काही दिवस शरीरात राहतो आणि पट्टीवर खोटी दुसरी रेघ येऊ शकते. उलट, घाईने बघितलं तर खरी रेघ उमटायच्या आधीच ‘नाही’ दिसतं. ही माहिती आधी, शांतपणे, कुणीतरी समोर बसून सांगितलेली असणं, हाही आधारच.

पुढचा प्रश्न: निकालाचा फोन कुणाला यायचा? तिच्या मोबाइलवर आला आणि ती मीटिंगमध्ये असेल तर? दोघं एकत्र असतील अशी वेळ केंद्राला आधी सांगून ठेवता येईल का? त्या संध्याकाळी कुणाला कळवायचं, कुणाला नाही? काही जण कळवायचा मजकूर आधीच लिहून ठेवतात: ‘या वेळी झालं नाही. आत्ता बोलायचं नाही. आम्हीच फोन करू.’ तीन वाक्यं, पण त्या दिवशी ती सुचत नाहीत. आणि सगळ्यांत अवघड: किती सायकल करायच्या, कुठे थांबायचं? हे नकाराच्या दुसऱ्या दिवशी ठरवू नये, सुरुवातीलाच एक आकडा बोलून ठेवावा, मग तो बदलला तरी चालेल.

दात्याचं अंडं किंवा शुक्राणू घ्यायचे असतील तर बोलायला आणखी बरंच आहे. मुलाला सांगायचं का, कधी सांगायचं, दोघांपैकी एकाचंच जनुकीय नातं असेल तर दुसऱ्याच्या मनात काय आहे. उरलेल्या गोठवलेल्या भ्रूणांचं काय करायचं, यावर दोघांची मतं वेगळी निघाली की सही करायच्या टेबलावर ते उघड होतं. ते त्याआधी उघड झालेलं बरं.

सगळ्यांनाच खोलवर मानसोपचार लागतात असं मात्र नाही. बहुतेकांना नीट माहिती आणि माणुसकीने बोलणारे डॉक्टर-नर्स पुरतात. काहींना समुपदेशक लागतो. थोड्यांना मनोविकारतज्ज्ञ लागतो: आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशातच जीव लागत नाही, असं असेल तर, आणि जगणं नको असा विचार येत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी. नैराश्याच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर उपचाराच्या भीतीने त्या मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारायचं.

इथे उलट्या टोकाच्या मंडळींनाही उत्तर द्यायला हवं. काही ठिकाणी ‘मन-शरीर पॅकेज’ विकलं जातं आणि त्याने यशाचं प्रमाण वाढतं असं छातीठोक सांगितलं जातं. उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१६च्या आढाव्यात ३९ अभ्यास आणि जवळपास पाच हजार लोक होते. पुरावा इतका कच्चा निघाला की समुपदेशनाने मूल होण्याची शक्यता वाढते की नाही, हे ठामपणे सांगता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. मनाच्या स्वास्थ्यावरच्या परिणामाबद्दलही अभ्यासांचा दर्जा बेताचाच होता. म्हणजे काउन्सेलिंग विकताना बाळाचं आमिष दाखवणारा आणि ‘टेन्शन सोडा’ म्हणणारा एकच गोष्ट सांगत असतात: मन नीट ठेवलंस तर मूल, नाहीतर नाही. दोघांवरही विश्वास ठेवू नये. मूल होवो न होवो, या काळातून जाणाऱ्या माणसाला आधार मिळायला हवा. त्यासाठी दुसरं कारण लागत नाही.

‘प्रेम असेल तर तिसरा कशाला?’

प्रेम असतंच हो. अडचण अशी की दोघांना एकाच वेळी, एकाच गोष्टीने दुखत असतं, आणि दोघांची दुखण्याची रीत वेगळी असते. एकाला रोज बोलायचं असतं, दुसऱ्याला त्या विषयाचं नाव नको असतं. पहिल्याला वाटतं, याला काहीच वाटत नाही. दुसऱ्याला वाटतं, घरात दुसरा विषयच उरला नाही. यात दोषी कुणी नाही. समुपदेशक अशा जोडप्यांना एक साधी गोष्ट सुचवतात: दिवसातली वीस मिनिटं ठरवा, त्यात फक्त हाच विषय, आणि वेळ संपली की त्या दिवसापुरता तो बंद. बोलणाऱ्याला ऐकणारा मिळतो, न बोलणाऱ्याला शेवट दिसतो. ऐकायला बाळबोध वाटतं, पण स्वयंपाकघरात रात्री अकराला सुरू होऊन दोनपर्यंत चालणाऱ्या भांडणापेक्षा बरंच काम करतं.

पुरुषाबद्दल या मजकुरात एक शब्द नाही, हे लक्षात आलं का? वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाच्या बाजूचाही वाटा असतो, एकट्याचा किंवा दोघांचा मिळून. १९९२मध्ये इक्सी आलं, एकच शुक्राणू अंड्यात सोडता येऊ लागला, आणि अनेक पुरुषांना वाट मिळाली. पण त्यातही सुया बायकोलाच टोचायच्या राहिल्या. दोष माझा आणि त्रास तिला, ही बोच घेऊन गप्प राहणारे नवरे पुष्कळ. त्यांना घरचे ‘तू खंबीर राहा’ सांगतात, म्हणजे बोलू नकोस.

अंडी काढण्याची सकाळ बघा. त्याने ठरलेल्या वेळेत वीर्याचा नमुना द्यायचा असतो. बंद खोली, नाव लिहिलेली प्लास्टिकची डबी, दाराबाहेर पावलांचे आवाज, आणि आत कुठेतरी भूल दिलेली बायको. आज नाही जमलं तर तिची इतक्या दिवसांची इंजेक्शनं वाया, हे डोक्यात. अशा वेळी नमुना न येणं हे काही दुर्मीळ नाही, आणि त्यात मर्दानगीचा प्रश्नही नाही. आधी कुणी विचारलं असतं तर आधीच एक नमुना गोठवून ठेवता आला असता. पण हे आधी विचारायचं कुणी? बायकोला सुचत नाही, आईला सांगता येत नाही, मित्र थट्टा करतात. तिसरा माणूस लागतो तो इथे.

ठरवून, तारीख बघून करायच्या शरीरसंबंधांनी दोघांच्यात जो कोरडेपणा येतो त्याबद्दलही तेच. डॉक्टरांच्या तपासणीत त्याची जागा नसते आणि एकमेकांना सांगायची लाज वाटते.

‘मूल हातात आलं की सगळं विसरतं’

काहींचं विसरतं. पण बऱ्याच उपचारांनंतर राहिलेलं गरोदरपण निवांत नसतं. प्रत्येक सोनोग्राफीआधी धाकधूक, पोट दुखलं की धसका. त्या बाईला ‘आता तर झालं ना मनासारखं’ म्हटलं की तिला भीती बोलून दाखवायलाही जागा राहत नाही.

आणि ज्यांच्या हातात मूल येत नाही, त्यांचं काय? मजकूर त्यांना विसरूनच गेला आहे. आयव्हीएफ सगळ्यांना मूल देत नाही, कितीही सायकल केल्या तरी. नेदरलँड्समध्ये उपचारांनंतर ११ ते १७ वर्षांनी सात हजारांहून अधिक स्त्रियांना गाठून विचारलं गेलं; २०१४मध्ये ते प्रसिद्ध झालं. मानसिक स्वास्थ्य खालावलेलं दिसलं ते मुख्यतः मुलाची इच्छा अजून धरून असलेल्यांत, आणि अशी इच्छा धरून असलेल्यांत मूल असलेल्याही स्त्रिया होत्या. म्हणजे नुसतं मूल नाही म्हणून आयुष्य उद्ध्वस्त होतं, असं नाही. सुटत नाही ती इच्छा. ती सोडायला वेळ लागतो, कुणाच्या ‘सोडून दे’ने ती सुटत नाही, आणि या टप्प्यावर मदत सर्वात कमी मिळते, कारण तोवर केंद्राशी संबंध संपलेला असतो.

लोक उपचार मध्येच का सोडतात, हेही बघण्यासारखं आहे. स्वीडनमध्ये खर्च सरकार उचलत असतानाही अनेक जोडपी तीन सायकल पूर्ण करत नव्हती. २००४च्या अभ्यासात त्यांना कारणं विचारली तेव्हा मानसिक ओझं हे आघाडीच्या कारणांत होतं, यशाची शक्यता कमी असणं या कारणाच्या बरोबरीने. पैसा नडला नाही, मन थकलं. थांबणं चूक नाही. पण थकून कोसळत थांबणं आणि दोघांनी बसून ‘आता पुरे’ म्हणणं यात पुढच्या कित्येक वर्षांचा फरक पडतो.

म्हणून उपचार सुरू करतानाच केंद्राला चार गोष्टी विचाराव्यात. समुपदेशक प्रशिक्षित आहे, की रिसेप्शनवरची गोड बोलणारी ताईच ते काम करते? मी त्याच्याशी बोललेलं डॉक्टरांच्या फाइलमध्ये जातं का? नवऱ्याला एकट्याला भेटता येतं का? आणि निकाल ‘नाही’ आला, पुढची सायकल करायची नाही असं ठरलं, तर त्यानंतरही दोन-तीन वेळा यायला मिळतं का? पहिल्या तीन प्रश्नांना बहुतेक ठिकाणी काहीतरी उत्तर मिळतं. चौथ्याला समोरचा अडखळला, तर बाहेरचा समुपदेशक आत्ताच शोधून ठेवा, पहिलं इंजेक्शन घ्यायच्या आधी.